मोटारीतलं एरंडेल

छापलेलं आहे म्हणजे खरंच असणार, असं मानून तुम्ही कधी दुसऱ्याच्या आयुष्यात हात घातला आहे का? मी घातला आहे. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. माझ्या उशीखाली पत्रकांचा एवढा गठ्ठा असायचा की मान दुखायची, आणि त्या दुखण्याचाही मला अभिमान वाटायचा. पुढं आयुष्यभर मी स्वतः पत्रकं लिहिली, सभांमधून बोलले, खोट्याला खोटं म्हणाले. पण माझ्या बाबांचं नाव माझ्यामुळे बुडालं, आणि ते एक वाक्य मी कुठल्याही सभेत बोलले नाही. आज बोलते. बाबा ड्रायव्हर होते, आणि ड्रायव्हरजवळ नावाखेरीज दुसरं काय असतं?

आमचं घर तळेगावला, तेल्याचं. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, घाणा चालवायचे. पहाटेपासून त्या लाकडाची कुरकुर सुरू व्हायची आणि तिच्याच तालावर माय जातं ओढायची. एक आवाज थांबला की दुसराही अडखळायचा. घरात जवसाच्या ताज्या तेलाचा वास असायचा. हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी, ज्वारीची गरम भाकर आणि जवसाची चटणी, तिच्यावर घाण्यातून आत्ताच आणलेल्या तेलाची धार. हे जेवण ज्यानं जेवलं नाही त्याला मी ते सांगू शकत नाही. एरंडीच्या दिवसांत मात्र वास बदलायचा. एरंड्या भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर आलेलं तेल वाटीनं काढून घ्यायचं. ते जाड, पिवळसर तेल दिव्याला, पोट साफ करायला आणि सगळ्यात जास्त बैलगाडीच्या आसाला लागायचं. पंचक्रोशीतल्या गाड्यांचे आस आबाजींच्या एरंडेलावर फिरत.

बाबांनी मात्र घाणा धरला नाही. तरुणपणी ते फौजेत गेले, लढाईत मालमोटारी चालवल्या, आणि परत आले ते एका जुन्या काळ्या मोटारीचं स्वप्न घेऊन. ती मोटार त्यांनी मिळवली आणि तळेगावहून आर्वीला, कारंज्याला भाड्यानं चालवायला घेतली. लोक त्यांना महादेव डायवर म्हणत. आजारी माणूस न्यायचा असो, नवरी आणायची असो, लोक वाट बघतील पण महादेव डायवरच्याच मोटारीत बसतील, असा त्यांचा लौकिक होता. कारण ती मोटार रस्त्यात कधी थांबली नव्हती.

तिच्या न थांबण्याचं कारण मला ठाऊक होतं. ते कारण तेल होतं. हिवाळ्यात तीस नंबरचं, चैत्राचं ऊन लागलं की चाळीस नंबरचं. वर्ध्याहून बंद डब्यात आणलेलं आणि बुचावरचं सील स्वतः तपासलेलं. सुटं तेल ते हातातही धरत नसत. मोटारीचा मैल मोजणारा काटा केव्हाच मेला होता, म्हणून बाबांनी आपला हिशेब बसवला होता. आर्वीची एक फेरी झाली की कोनाड्यातल्या पत्र्याच्या डबीत एक चिंचोका टाकायचा. तीस चिंचोके झाले की तेल बदलायचं. धुपकाळ्यात, म्हणजे उन्हाळ्यात, रस्त्यावरची धूळ इंजिनात जाते म्हणून पंचविसालाच बदलायचं. "अजून दोन फेऱ्या निघतील की," असं कुणी म्हणालं तर ते हसायचे. "निघतील. तिसरी नाई निघणार. अन् तिसऱ्या फेरीत तू बसला असशील." तेल काढायचं ते इंजिन गरम असताना, थंड इंजिनातून काढलं तर घाण तळाशीच राहते. खाली घमेलं ठेवून ते मला बोलवायचे. मुलगी म्हणून त्यांनी मला कधी दूर ठेवलं नाही. काळं तेल बोटांवर घेऊन चोळायला लावायचे. "पाह्य, रेतीसारखं लागते का? लागलं त समज, आपण उशीर केला." ते काळं तेल मग घराच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासलं जायचं.

(आता मी वर्ध्याजवळ पिपरी मेघे इथं राहते. शेजारच्या मुलानं नवीन गाडी घेतली, तेव्हा दुकानदारानं त्याला भलतंच तेल सुचवलं होतं. मी त्याला गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडायला लावलं. त्यात जे लिहिलंय तेच घाल, म्हटलं, आणि जेवढ्या अंतरानं लिहिलंय त्याच्या आधी बदल. तो म्हणाला, आजी, तुम्हाला हे कसं माहीत? मी विषय बदलला.)

बाबा आणि आबाजी यांची जुंपायची ती याच तेलावरून. दुपारी जेवताना आबाजी सुरू करायचे. "मह्या तेलावर साऱ्या गावच्या गाड्या पळतात. तुही मोटार काय आभायातून पडली? तिले काऊन नाई चालत?"

"आबाजी, गाडीचा आस बैलाच्या चालीनं फिरते," बाबा म्हणायचे. "इकडं आत लोखंड लालभडक होते."

"लाल होऊ दे. एरंडेलानं थंड पडन."

"मंग तुमच्या बैलाले पेट्रोल पाजू का? बैल बी पळन."

माझी थोरली बहीण इंदूताई भाकर थापता थापता एवढी हसायची की पीठ उडायचं. ती त्या हिवाळ्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे यजमान दामोदरराव कारंज्याला असत आणि दर बाजाराला भेटायला येत. ताईला शाळा फारशी मिळाली नव्हती, पण तिच्या जिभेपुढं माझी सगळी पत्रकं फिकी होती. मी जेवताना वाचत बसले की म्हणायची, "काय वं इमल, कागदाले फोडणी देऊ का? तशीच कोरडी खाऊन राह्यली."

माझी पत्रकं वर्ध्याहून यायची. एक कार्यकर्ते महिन्यातून एकदा सायकलवर येऊन शाळेत वाटायचे. स्वच्छता, हुंडाबंदी, अस्पृश्यता आणि सगळ्यात जास्त गावचे धंदे. गिरणीचं तेल डब्यातून गावात आलं आणि गावचा घाणा बंद पडला, हे मला कागदानं शिकवलं. पण ते खरं आहे हे मी घरात पाहत होते. आबाजींचा घाणा आठवड्यातून चार दिवस उभा राहू लागला होता. बैल नुसता बांधलेला असायचा आणि आबाजी त्याच्या डोळ्यांवरची झापड हातात घेऊन बसायचे. एका पत्रकात मोठ्या अक्षरांत असा मजकूर होता की जे गावात होतं ते बाहेरून आणणं हा गावाशी द्रोह आहे. मी ते वाचलं आणि मान वळवली, तर कोनाड्यात बाबांचा तेलाचा डबा होता. परदेशी अक्षरं छापलेला.

माझं डोकं पेटलं. मी बाबांना सरळ म्हणाले, "आपल्याच घरात द्रोह चालला आहे."

बाबा चिडले नाहीत. "बाई, ज्यानं हे लिहिलं त्यानं कधी इंजिन खोललं का?"

"तत्त्वाला इंजिन खोलावं लागत नाही," मी म्हणाले. काय वाक्य होतं! मला ते इतकं आवडलं की मी वहीत उतरून ठेवलं.

मग बाबांना हिवताप आला. चार घोंगड्या अंगावर आणि तरी दात वाजत होते. डबीत तीस चिंचोके झाले होते. तापातच त्यांनी मला जवळ बोलावलं. "इमल, तेल तू बदलून टाक. तुह्या हाताले सवय आहे. डबा कोनाड्यात आहे. पूर्ण ओतजो, कमी नाई, जास्त नाई." घरात धडधाकट माणसं होती, शेजारी होते. त्यांनी हे काम माझ्या हातात दिलं. इतकी वर्षं गेली, तरी या एका वाक्यापाशी मी अडकते. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

मी इंजिन गरम केलं, काळं तेल काढलं, बूच घट्ट बसवलं. सगळं त्यांनी शिकवलं होतं तसं. मग डब्यातलं अर्धं तेल ओतलं आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी आबाजींच्या रांजणातलं एरंडेल गाळून ओतलं. अर्धं अर्धं. मला वाटलं, मी किती विचारी आहे, एकदम पूर्ण बदल करत नाही. डब्यातलं उरलेलं तेल कडब्याच्या मागं लपवलं. रिकाम्या डबीत पहिला चिंचोका पडेल तेव्हा कुणालाच कळणार नाही, आणि महिन्यानं मी सगळ्यांसमोर जाहीर करीन की महादेव डायवरची मोटार महिनाभर गावच्या तेलावर पळाली. त्यावर मी एक पत्रकही लिहायला घेतलं होतं. आबाजींचं नाव त्यात सगळ्यात वर होतं.

मोटार चालली. हेच वाईट झालं. ती पहिल्याच दिवशी बंद पडली असती तर आज मी काही वेगळंच लिहीत बसले असते. ताप उतरल्यावर बाबा पहिली फेरी करून आले आणि म्हणाले, "इंजिन कसं गोड वाजून राह्यलं! पोरीचा हात लागला ना." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकदा त्यांनी नाक वर करून हुंगलं. "कोठं काही तळून राह्यले का वं?"

"तापानं तुमचं नाक गेलं, बाबा," ताई म्हणाली. "तुम्हाले आता शेणाचा बी वडाच वाटन."

रोज सकाळी ते तेल मोजायची पट्टी काढून बोटांनी पुसत. एकदा म्हणाले, "जरा चिकट लागते." मग आपणच म्हणाले, "थंडीचं असन." त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले आहे.

डबीत चार चिंचोके झाले होते, त्या सकाळी ताईच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण आली, तिनं पोट चाचपलं आणि हात धुऊन बाहेर आली. "लेकरू आडवं आहे, महादेवदादा. माह्या हातचं नाई. आर्वीच्या दवाखान्यात न्या, अन् आत्ता न्या." बाबा अगदी शांत होते. त्यांनी मागच्या सीटवर गोधडी घातली, मायला ताईचं डोकं मांडीवर घ्यायला सांगितलं, मला पुढं बसवलं. ताई घामानं भिजली होती तरी म्हणाली, "बाबा, गचके कमी द्या, नाई त तुमचा नातू इथंच भाडं मागन." बाबा हसले. ते त्यांचं हसू मी शेवटचं पाहिलं.

थंडी होती आणि रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, कापूस वेचणाऱ्या बाया मोटार पाहून हात करत होत्या. अर्ध्या रस्त्यात इंजिनातून एक आवाज यायला लागला. टक, टक, टक. कुणी आतून दार वाजवावं तसा. बाबांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी लगेच मोटार उभी केली, पट्टी काढली. तेल होतं, पुरेसं होतं. ते पट्टीकडं बघत राहिले. मग ताईचं ओरडणं ऐकून परत बसले आणि हळू चालवू लागले. अर्धा मैल गेलो असू. आवाज मोठा झाला, जळका वास आला, त्या वासात एरंडेल होतं, आणि एक धक्का बसून मोटार उभी राहिली. बाबांनी इंजिन फिरवायचं हँडल पुढून लावलं. ते फिरलं नाही. सगळं अंग टाकून त्यांनी जोर लावला, हाताची साल निघाली, पण इंजिन आतून एकच लोखंड होऊन बसलं होतं.

मी शेतांतून धावले. काशीराम नावाचा एक शेतकरी, नुकताच बौद्ध झालेला, आपल्या गाडीत कापूस भरत होता. त्यानं एक शब्द न विचारता भरलेला कापूस पुन्हा वावरात ओतला, थोडा मऊपणाला ठेवला आणि बैल जुंपले. "माय, लेकीले इकडं ठेवा," एवढंच तो बोलला. बैलगाडी चालू लागली. बैल चांगले होते आणि काशीराम त्यांना पळवत होता, पण बैल ते बैल. चाकाच्या आसातून एरंडेलाचा वास येत होता. आबाजींचंच तेल. ते तिथं आपलं काम चोख करत होतं.

ताईनं एकदा माझा हात धरला. म्हणाली, "इमल, काही वाच ना वं. तुह्या कागदातलं." मला एकही ओळ आठवली नाही. हजारो ओळी पाठ असलेल्या मला एकही आठवली नाही. मी म्हणाले, "ताई, आलीच आर्वी." आर्वी आली नव्हती. उन्हं डोक्यावर यायच्या आधी ती गेली, बाळ पोटात घेऊन. मायनं तिचे केस सारखे केले. बाबा गाडीमागून पायी चालत येत होते, त्यांना आम्ही सांगितलंच नाही; काशीरामनं बैल थांबवले तेव्हा ते समजले.

तिसऱ्या दिवशी आर्वीचा मिस्त्री आला. अंगणात ओढून आणलेल्या मोटारीचं इंजिन त्यानं खोललं. दामोदरराव होते, त्यांचे वडील होते, शेजारीपाजारी होते. मिस्त्रीनं तेल ज्यातून वर ओढलं जातं ती खालची चाळणी काढली. ती डिंकासारख्या चिकट थरानं पूर्ण बुजली होती. "तेल वरच चढलं नाई," तो म्हणाला. "हे काय आहे, महादेवभाऊ? कोणतं तेल घातलं?" बाबांनी तो थर बोटावर घेतला आणि नाकाशी नेला. हा वास त्यांनी जन्मापासून घेतला होता. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं.

"इमल, तू घरात जा," ते म्हणाले. "मायजवळ बस."

मी उंबऱ्याशी थांबले. त्यांचा आवाज ऐकू येत होता. "जुनंच तेल होतं. बदलायचं राह्यलं माह्यानं. ताप होता ना. म्हटलं, दोन फेऱ्या अजून निघतील."

दामोदररावांना डबीची गोष्ट माहीत होती. ते पाणी प्यायला गेले तेवढ्यात बाबा आत आले, कोनाड्यासमोर उभे राहिले आणि चिंचोके साठवायच्या मडक्यातून एक मूठ काढून डबीत ओतली. दुसरी मूठ ओतली. एक चिंचोका माझ्या पायाशी घरंगळत आला. तो उचलायला ते वाकले, माझ्याकडं न पाहता. थोड्या वेळानं दामोदरराव आत आले, त्यांनी डबी काढली आणि तिच्यातले चिंचोके मोजले. "मामाजी, चाळीसच्या वर आहेत हे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "तुमच्या भरवशावर आणून ठेवली होती मी तिले." बाबा म्हणाले, "हो. माह्या भरवशावर."

मी बोलले नाही. सत्तरच्या आसपास वर्षं झाली, मी बोलले नाही. भीती होती, हे खरं. पण सगळं खरं तेवढंच नाही. आबाजी जिवंत होते. मी बोलले असते तर त्यांना कळलं असतं की नातीचा जीव त्यांच्याच रांजणातल्या तेलानं गेला. बाबा त्यांनाही वाचवत होते, हे मला पुढं उमगलं. पण आबाजी दोन वर्षांत गेले. त्यानंतर माझ्याकडं कोणतं कारण होतं? एकदा, फक्त एकदा, दुपारी बाबा जेवायला बसले असताना मी म्हणाले, "बाबा, ते तेल..." त्यांनी ताट पुढं सरकवलं. "भाकर वाढ," म्हणाले. मी वाढली. याच हातानं पुढं मी सत्याचा आग्रह यावर सोळा पानांची पुस्तिका लिहिली, आणि ती शाळाशाळांतून वाटली गेली.

बाबांनी पुन्हा मोटार चालवली नाही. ती भंगारात गेली. लोकांना मोटार चालवणारा माणूस हवा होता, दोघातिघांनी विचारलंही, पण ते म्हणाले, "महादेवचा भरवसा धरू नका." शेवटपर्यंत ते आबाजींच्या घाण्यावर बसले. घाण्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, तरी बैल फिरवत.

ते गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी मी कारंज्याला बस बदलायला उतरले होते. शेजारच्या धाब्यावर दोन ट्रकवाले चहा पीत होते. एकाचं इंजिन बसलं होतं. दुसरा हसून म्हणाला, "तेल बदलत नाई साला. गाडीचा महादेव केला यानं." मी विचारलं, कोण महादेव? त्याला माहीत नव्हतं. "असंच म्हणतात, मावशी. कोणीतरी आळशी डायवर होता म्हणे. पोरगी मारली त्यानं आपली." मी तिथंच उभी राहिले. माझी बस आली आणि गेली. ज्या माणसानं कधी एक फेरी जास्त काढली नाही, त्याचं नाव त्या रस्त्यावर निष्काळजीपणाचं नाव झालं होतं. आणि मी, मोठमोठ्या सभा गाजवणारी बाई, तेव्हाही गप्प बसले.

आता मी हे छापते आहे, पण ट्रकवाले पुस्तकं वाचत नाहीत. म्हणून एक काम तुम्हाला सांगते, ते करा. नागपूर-अमरावती रस्त्यानं जाताना कारंज्याजवळ चहाला थांबलात आणि कुणी बसलेल्या इंजिनाला महादेव म्हणालं, तर आपला कप खाली ठेवा, उठा आणि त्याच्याजवळ जाऊन सांगा की महादेव डायवरनं तेलाची पाळी एकदाही चुकवली नव्हती. चूक त्याच्या धाकट्या मुलीची होती. तिचं नाव विमल. हे नाव मोठ्यानं सांगा, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं.